नाव आपलं, पावती कोणाची?

प्रश्न : लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. २०१३ साली धाकट्या दिरांनी ठाण्याच्या एका वेबसाइटवाल्याकडून दुकानाच्या नावाची डॉट कॉम वेबसाइट करून घेतली. पाऊचवर तेच नाव छापतो, ईमेलही त्याच नावाचा आहे. या २ फेब्रुवारीला वेबसाइट बंद पडली. आम्हाला कळलं आठ-दहा दिवसांनी, पुण्याच्या एका घाऊक गिऱ्हाइकाने ‘तुमचे मेल परत येतायत’ असं फोनवर सांगितलं तेव्हा. आता आमचं नाव टाकलं की कसल्यातरी जाहिराती दिसतात. वेबसाइटवाला फोन उचलत नाही. मुदत संपत आल्याचे मेल सासऱ्यांच्या पत्त्यावर जात होते म्हणे, पण ते गेल्या वर्षी वारले. दीर दोन वर्षांपासून वेगळे आहेत, बोलणं नाही. त्यांनी हे मुद्दाम होऊ दिलं असं मिस्टरांना वाटतं. ते पोलिसांत जायचं म्हणतात. परवा एकाचा फोन आला, पंचवीस हजार भरा, दोन दिवसांत नाव परत मिळवून देतो. मिरचीचा सीझन तोंडावर आलाय. आमचं नाव गेलं का? नवीन घ्यावं का?
— एक सून, लालबाग

उत्तर :

ताई, नाव अजून गेलेलं नाही. तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तीन ओळींचं उत्तर पाठवलं होतं, कारण या कामात एकेक दिवस मोजावा लागतो आणि सदराची पाळी येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. आज सविस्तर लिहिते. तुमच्यासारखी दुकानं मुंबईत गल्लोगल्ली आहेत. गेली वीस-बावीस वर्षं मी अशाच दुकानांच्या वेबसाइट आणि ईमेल सांभाळते आणि दरवर्षी निदान एक तरी फोन नेमका असाच येतो.

तुमच्या नावाची नोंद मी शोधून पाहिली. ती कोणालाही पाहता येते. डॉट कॉमसारख्या नावांचे नियम ठरवणारी आयकॅन नावाची जागतिक संस्था आहे, तिच्या लुकअप पानावर नाव टाकलं की नोंद समोर येते. २०१८ पासून मालकाचं नाव-पत्ता बहुतेक वेळा झाकलेला असतो, तसा तुमचाही आहे. पण आपल्याला हवं ते दिसतं. पहिलं म्हणजे रजिस्ट्रारचं नाव, म्हणजे ज्या कंपनीकडे हे नाव नोंदवलं आहे ती. तो तुमचा ठाण्याचा वेबसाइटवाला नव्हे. तो मधला माणूस. दुसरं, तारखा. इथे बरीच माणसं फसतात, म्हणून थोडं थांबून सांगते. तुमच्या नोंदीत मुदतीची तारीख चक्क पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीची दिसते. मिस्टरांनी ती पाहिली तर म्हणतील, अरे, हे तर चालू आहे! तसं नाही. डॉट कॉमची मूळ वही जिच्याकडे आहे ती संस्था, म्हणजे रजिस्ट्री, मुदत संपली की ही तारीख आपोआप एक वर्ष पुढे ढकलते आणि पंचेचाळीस दिवसांच्या आत ते मागे घेण्याची सवलत रजिस्ट्रारला देते. म्हणजे ती तारीख त्या दोघांच्या आपापसातल्या हिशोबाची आहे. तुम्ही पैसे भरल्याची ती खूण नाही. तिसरं, आणि माझ्या जिवात जीव आला तो हे पाहून, की नोंदीच्या स्थितीत ‘रिडेम्प्शन पीरियड’ हे शब्द नाहीत. ते आले की खर्च कित्येक पटींनी वाढतो. अजून आलेले नाहीत.

आता ‘नाव गेलं का’ या प्रश्नाच्या मुळाशी येते. डोमेनचं नाव, म्हणजे वेबसाइटचा हा डॉट कॉमवाला पत्ता, विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. तुम्ही लालबागच्या आहात, तुम्हाला पागडीच्या गाळ्याच्या भाषेत सांगितलं तर लगेच कळेल. गाळ्यात पन्नास वर्षं धंदा कोणी केला, पाटी कोणी रंगवली, गिऱ्हाईक कोणी जोडलं, याला मान आहेच. पण प्रसंग आला की पहिला प्रश्न एकच असतो, भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? डोमेनचंही तेच. पाऊचवर नाव तुमचं, चव तुमची, पण रजिस्ट्रारच्या वहीत मालक म्हणून कोण आहे? सासरे, दीर, की तो वेबसाइटवाला? तिन्ही शक्य आहेत. फरक एवढाच की पागडीच्या भांडणात कोर्ट मध्ये पडतं, तारखा पडतात, वर्षं जातात. इथे दिवस यंत्र मोजतं आणि ते कोणासाठी थांबत नाही.

ते दिवस कसे चालतात ते तुमच्याच तारखेवर मांडते. २ फेब्रुवारीला मुदत संपली. त्यानंतर रजिस्ट्रारने तुमचा पत्ता स्वतःच्या जाहिरातींच्या पानाकडे वळवला. वेबसाइटची फाइल कुठे गेलेली नाही, होस्टिंगच्या, म्हणजे फाइली ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेवर ती जशीच्या तशी असणार, फक्त तिच्याकडे नेणारी पाटी काढून घेतली आहे. होस्टिंगचे पैसे वेगळे असतात, तेही भरलेले आहेत ना ते विचारून घ्या. हा पहिला टप्पा फार तर पंचेचाळीस दिवसांचा, म्हणजे १९ मार्चपर्यंत, पाडव्याच्या आसपास. या काळात साध्या दराने नाव रिन्यू होतं, वर्षाला हजार-दीड हजार रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. काही ठिकाणी उशिराचा दंड लागतो. मात्र ‘पाडव्यापर्यंत वेळ आहे’ असं समजून बसू नका. पंचेचाळीस दिवस ही रजिस्ट्रारला मिळालेली कमाल मर्यादा आहे, ती तुम्हाला द्यायचं बंधन त्याच्यावर नाही. काही रजिस्ट्रार पंचविसाव्या-तिसाव्या दिवसाच्या सुमारास नाव लिलावात काढतात, काही त्याआधीच दार बंद करतात. तुमचा आज बाविसावा दिवस आहे.

हा टप्पा टळला आणि नाव लिलावातही गेलं नाही, तर रजिस्ट्रार ते नोंदीतून काढतो आणि तीस दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ सुरू होतो, ढोबळमानाने अक्षय्य तृतीयेच्या सुमारापर्यंत. तेव्हाही नाव फक्त जुन्या मालकालाच सोडवून घेता येतं, पण त्याचा खर्च बहुतेक ठिकाणी सात-आठ हजारांच्या घरात, वर रिन्यूअलचे पैसे वेगळे. त्यानंतर पाच दिवस ‘पेंडिंग डिलीट’. या पाच दिवसांत कोणालाच काही करता येत नाही, तुम्हालाही नाही, रजिस्ट्रारलाही नाही. मग नाव मोकळं होतं, जो आधी पोहोचेल त्याचं. ‘मोकळं झालं की आपणच परत घेऊ’ असं सांगणारे सल्लागार भेटतील. त्यांचं ऐकू नका. मोकळ्या होणाऱ्या नावांवर टपून बसलेल्या कंपन्यांची यंत्रं सेकंदाच्या आत नोंदणी करतात. दुकानात बसून माणूस त्यांच्यापुढे पोहोचू शकत नाही.

तेव्हा पहिलं काम, आजच. त्या वेबसाइटवाल्याच्या मागे फोन करत बसू नका, थेट रजिस्ट्रारच्या ग्राहक सेवेला फोन करा. नाव सांगा आणि दोन गोष्टी विचारा : साध्या दराने रिन्यू करायची शेवटची तारीख कोणती, आणि लॉगिनशिवाय पैसे भरून घेता का? काही ठिकाणी खातं कोणाचंही असलं तरी पैसे कोणीही भरू शकतं. पैसे भरल्याने मालकी बदलत नाही, म्हणून त्यांनाही हरकत नसते. मधल्या माणसामार्फत नोंदणी झाली असेल तर ‘तुम्ही त्याच्याशी बोला’ असं उत्तर मिळेल. तिथे हटून बसा. तो फोन उचलत नाही, मुदत सरते आहे, हे लेखी तक्रार म्हणून नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. रजिस्ट्रार दाद देत नसेल तर आयकॅनकडे फुकट तक्रार करता येते. मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक अशी दोन स्मरणपत्रं, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरं, एवढं मालकाला पाठवणं २०१३ पासून रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. तुमच्या बाबतीत ती गेली असतीलच. ज्या इनबॉक्समध्ये गेली तो उघडणारा माणूसच राहिला नव्हता, हे यातलं दुःख.

मालकी कोणाच्या नावावर, या वादात आज शिरू नका. आधी भाडं भरा, पावतीवरचं नाव नंतर. पैसे भरले की रजिस्ट्रार पाटी परत लावतो, पण सगळीकडे ती दिसायला काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. जगभरचे सर्व्हर जुना पत्ता तेवढा वेळ लक्षात ठेवतात. घाबरून मध्येच काही बदलू नका.

त्या पंचवीस हजारवाल्याबद्दल. नाव अजून तुमच्याच रजिस्ट्रारकडे आहे, हजार-दीड हजारांत सुटू शकतं, मग तो पंचवीस हजार कशाचे घेतो? अशी माणसं मुदत संपलेल्या नावांच्या याद्या घेऊन बसतात. पाऊचवर तुमचा नंबर छापलेलाच आहे. त्याला एक रुपया देऊ नका, ओटीपी देऊ नका, आणि ‘रिमोटने बघतो’ म्हणून त्याने सांगितलेलं अ‍ॅप मोबाइलवर टाकू नका. टाकलं असेल, पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पोलिसांची खरी गरज इथे आहे.

आता ज्या गोष्टीची मला वेबसाइटपेक्षा जास्त काळजी वाटते ती सांगते. तुमचा ईमेल. पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकला आहे. वेबसाइट बंद म्हणजे शटर बंद, गिऱ्हाईक फोन करेल. पण ईमेल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. बँकेला कोणता पत्ता दिला आहे? जीएसटीच्या पोर्टलला? फूड लायसन्सला? इन्स्टाग्रामच्या पानाला, गुगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीला, ज्या ऑनलाइन बाजारात मसाला विकता तिथे? दुकानाचाच पत्ता दिला असेल, तर उद्या हे नाव ज्याच्या हातात जाईल तो त्याच नावाचा ईमेल दहा मिनिटांत चालू करेल आणि ‘पासवर्ड विसरलो’वर बोट ठेवून एकेक दार उघडत जाईल. तो कसलंही कुलूप तोडत नाही. दाराची किल्ली टपाल स्वतःहून त्याच्या घरी पोहोचवतं.

हे माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे. दादरच्या एका हौशी नाट्यसंस्थेची वेबसाइट मी सांभाळायची. नाव त्यांच्या खजिनदारांच्या खात्यावर होतं, ते मुलाकडे परदेशी गेले आणि पत्ता बदलला. मीही तारीख तपासली नाही, ती चूक माझीच. नाव मोकळं झालं, कोणीतरी उचललं. तीन आठवड्यांनी संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून मोबाइल समोर धरला. जुन्या नाटकांच्या फोटोंच्या जागी पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात होती, आणि वर अजून संस्थेचं नाव, ठळक. वर्तमानपत्रांच्या जुन्या बातम्यांतून, ग्रंथालयांच्या पानांवरून त्या पत्त्याकडे लोक येत होते. जुगारवाल्याने पैसे मोजले ते त्या येणाऱ्या माणसांसाठी. एकोणऐंशी वर्षांचे ते गृहस्थ मला म्हणाले, ‘अहो, आमचं नाव आहे ना ते?’ मला उत्तर देता आलं नाही. संस्थेचं फेसबुकचं पानही त्याच ईमेलवर होतं, तेही गेलं. तेव्हापासून मी कोणाचंही काम हातात घेतलं की आधी तारीख बघते.

म्हणून रिन्यूअल झालं तरी आणि नाही झालं तरी, आज रात्री बसून यादी करा. जिथे जिथे दुकानाचा ईमेल दिला आहे तिथे तो बदलून तुमचा किंवा मिस्टरांचा साधा जीमेल टाका. बँक पहिली. २ तारखेपासून आलेले मेल मात्र बहुतेक परत गेलेले असतील. काही सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून बघतात आणि मग सोडून देतात. तेव्हा घाऊक गिऱ्हाइकांना स्वतःहून फोन करून ‘या दिवसांत काही पाठवलं होतं का’ असं विचारा.

नवीन नाव घ्यावं का? जोडीला म्हणून घ्या, बदली म्हणून नको. डॉट इन मोकळं असेल तर आजच घेऊन ठेवा, आणि डॉट भारतही बघा. २०१४ पासून देवनागरीत नाव घेता येतं, आणि मसाल्याच्या पाकिटावर मराठी अक्षरांतला पत्ता वाचून माणसं तो टाइपही करतात. पण तुमच्या गोदामात छापील पाऊचचे रोल पडले असतील. गेल्या वर्षीची पाकिटं अजून लोकांच्या स्वयंपाकघरात असतील. त्या प्रत्येकावर डॉट कॉम आहे. ते दुसऱ्याच्या हातात जाऊ देणं म्हणजे तुमच्या पाकिटावर दुसऱ्याच्या दुकानाचा पत्ता छापणं.

समजा सगळं करूनही नाव हातचं गेलं, तरी रस्ता पूर्ण बंद होत नाही. खूप लोकांना हे माहीत नसतं. १९९९ मध्ये रेडिफ या इंटरनेट कंपनीने मिळत्याजुळत्या स्पेलिंगचं नाव घेणाऱ्याविरुद्ध आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, ट्रेडमार्कसारखं संरक्षण त्याला मिळायला हवं, असं न्यायालयाने मानलं आणि ते नाव वापरायला मनाई केली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात हेच तत्त्व धरलं. डॉट कॉमच्या वादांसाठी आंतरराष्ट्रीय लवादही आहे, पण त्याची नुसती फी दीड हजार डॉलरच्या आसपास जाऊ शकते, शिवाय समोरच्याने वाईट हेतूने नाव घेतलं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर हे खूप सोपं जातं. तुमचा आहे का? पत्रात उल्लेख नाही. नसेल तर या सीझनमध्ये करून टाका. ट्रेडमार्कचं मुख्य कार्यालय लालबागपासून फार लांब नाही, अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, मसाले तिसाव्या वर्गात येतात आणि छोट्या व्यावसायिकाला एका वर्गाची सरकारी फी साडेचार हजार आहे.

नाव परत मिळालं की पावतीवरच्या नावाचं काम. सासऱ्यांचं नाव मालक म्हणून असेल तर रजिस्ट्रार मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं आणि तुमची ओळखपत्रं मागेल. दुकानाचा गुमास्ता परवाना आणि जीएसटीचा दाखला काढून ठेवा. २०१३ चं वेबसाइटवाल्याचं बिल सापडलं तर सोनं. सासरे वही ठेवणारे असतील तर त्या सालच्या वह्या चाळा, अशी बिलं बहुतेक टाचणीने वहीलाच लावलेली सापडतात. मालकाच्या रकान्यात माणसाचं नाव एकटं ठेवू नका, संस्था म्हणून दुकानाचं नाव टाका. मालक बदलल्यावर साधारण साठ दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, पण रिन्यू करायला त्याची आडकाठी नसते. नवा ईमेल टाकला की तो खरा आहे का हे तपासायला एक मेल येतो. पंधरा दिवसांत त्यातल्या लिंकवर क्लिक केलं नाही तर नाव पुन्हा बंद पडू शकतं, तेव्हा तो मेल ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. आणि रजिस्ट्रारच्या खात्याला दुकानाच्याच नावाचा ईमेल कधीही देऊ नका. नाव बंद तर ईमेल बंद, ईमेल बंद तर लॉगिन बंद. घराची किल्ली आत टेबलावर ठेवून लॅच ओढून घेतल्यासारखं होतं ते. मिस्टरांचा, तुमचा आणि दुकानातल्या एका विश्वासू माणसाचा, असे दोन-तीन पत्ते द्या.

ऑटो रिन्यू लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले आणि तेव्हापासून परदेशी कंपन्यांची बरीच ऑटो पेमेंट अडकतात. त्यातून कार्ड सासऱ्यांचं असेल तर ते बंदच झालेलं असणार. मी एकदम पाच किंवा दहा वर्षांचे पैसे भरायला सांगते. दहा वर्षांचे जीएसटी धरून बारा ते अठरा हजार एकरकमी जड वाटतात, पण तेवढा तर एका दिवसाच्या मिरचीचा गल्ला असेल.

आता दिरांचं. हे शेवटी ठेवलं, कारण यात सगळ्यात जास्त वेळ जाईल असं मला वाटतं. त्यांनी मुद्दाम केलं, असं तुमच्या पत्रात कुठेही सिद्ध होत नाही. स्मरणपत्रं त्यांना जात होती असंही नाही, ती सासऱ्यांना जात होती. तारीख विसरणं ही फार साधी गोष्ट आहे. १९९९ च्या डिसेंबरमध्ये, ऐन नाताळात, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचं पासपोर्ट डॉट कॉम हे नाव पस्तीस डॉलर न भरल्यामुळे बंद पडलं आणि लोकांना त्याच कंपनीची हॉटमेल ही ईमेल सेवा उघडेना. शेवटी अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने, ज्याचा कंपनीशी काही संबंध नव्हता, स्वतःच्या कार्डाने ते पैसे भरले. इतक्या मोठ्या कंपनीत ही तारीख कोणाच्या लक्षात राहिली नाही, तर दुखवट्याच्या वर्षात तुमच्या घरात निसटली यात मला कट दिसत नाही. पोलिसांत जाऊन काय सांगणार? मुदत संपणं ही चोरी नव्हे. तक्रारीने नाव परत येणार नाही, आणि जो एक माणूस उद्या सही करायला, जुना पासवर्ड आठवायला किंवा त्या ठाण्याच्या माणसाचा दुसरा नंबर द्यायला उपयोगी पडेल, तोच कायमचा दुरावेल. मिस्टरांना हे तुम्हीच सांगू शकता.

आणखी एक. नोंदीत दिरांचंच नाव निघालं तरी दचकू नका. २०१३ साली घरातल्या कॉम्प्युटर येणाऱ्या मुलाने फॉर्म भरला की तो आपलंच नाव आणि मोबाइल टाकायचा, सगळ्या घरांत असंच व्हायचं. त्यातून हक्क सांगायचा त्यांचा विचार असेलच असं नाही.

तेव्हा फोन तुम्ही करा, मिस्टरांनी नको. दुकान बंद झाल्यावर, रात्री. वाटणीचा, गाळ्याचा विषय काढायचा नाही, ‘तुम्ही का नाही सांगितलंत’ हेही नको. फक्त एवढंच : ‘भावोजी, बाबांच्या मेलचा पासवर्ड तुम्हाला आठवतो का? वेबसाइट बंद पडलीय.’ सासऱ्यांचं सिम अजून चालू असेल तर त्याचं रिचार्ज करून ठेवा आणि ते रीतसर मिस्टरांच्या नावावर करून घ्या, कारण पासवर्ड नाहीच आठवला तर ओटीपी त्याच नंबरवर येणार. तो मेलही उघडता येतो तोवर उघडून घ्या, दोन वर्षं कोणी हात न लावलेली खाती गुगल काढून टाकतं.

रजिस्ट्रारने कोणती तारीख सांगितली आणि भावोजी काय म्हणाले, ते मला कळवा. यादी करताना अडलात तर सदराची वाट बघू नका, त्याच पत्त्यावर लिहा.